सांगलीत बसून बिनशिशाचं पिझो सिरॅमिक : दर पेपरला नवं डोपिंग की एकच पदार्थ नीट?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्रात पीएचडी होऊन फार काळ झालेला नाही. सध्या सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि तास संपले की तिथल्याच प्रयोगशाळेत भट्टी लावते. विषय फंक्शनल सिरॅमिक्स, त्यातही बिनशिशाचं पिझोइलेक्ट्रिक. एक निर्णय घ्यायचा आहे, त्यासाठी हा धागा. या क्षेत्राबाहेरच्यांनाही बोलता यावं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काही सिरॅमिक अशी असतात की दाब दिला तर त्यांच्या दोन पृष्ठभागांवर विद्युतभार येतो, आणि उलट व्होल्टेज दिलं तर ती किंचित लांब-आखूड होतात. हा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टूर्मलिन, रोशेल सॉल्ट अशा स्फटिकांत दाखवला. आज गॅस लायटरची ठिणगी, गाडीचा पार्किंग सेन्सर, घड्याळातला बझर, आपल्या मिरजेतल्या दवाखान्यांमधले सोनोग्राफीचे प्रोब, सगळं याच गुणावर चालतं. आणि यात बहुतेक ठिकाणी जो पदार्थ बसलेला असतो तो म्हणजे लेड झिर्कोनेट टायटनेट, पीझेडटी. त्याच्या वजनात ६० टक्क्यांहून जास्त शिसं असतं. वापरात असेपर्यंत ते सिरॅमिकमध्ये बांधलेलं राहतं, पण बनवताना भट्टीत लेड ऑक्साइड उडतं आणि वस्तू भंगारात गेल्यावर त्याचं काय होतं हे भंगार वेचणाऱ्यांच्या अंगावर येतं. युरोपीय संघाने २००६ पासून इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर निर्बंध आणले, तेव्हा पिझो सिरॅमिकला मात्र सूट द्यावी लागली, कारण तोडीचा पर्याय नव्हता. तो पर्याय शोधणं हे माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांचं काम आहे.

पर्याय तीन घराण्यांत शोधले जातात असं ढोबळमानाने म्हणता येईल. सगळ्यांत जुनं बेरियम टायटनेट, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडलेलं. ते स्वस्त आहे, बनवायला सोपं आहे, पण डी३३ (एक न्यूटन जोर दिला की किती विद्युतभार येतो त्याचं माप) साधारण १९० पिकोकूलोम प्रति न्यूटन, म्हणजे चांगल्या पीझेडटीच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय १२० अंश सेल्सिअसला त्याचा पिझो गुण संपतो. दुसरं पोटॅशियम सोडियम निओबेट. २००४ मध्ये जपानमधल्या एका गटाने कण एका दिशेत लावून त्यात ४१६ मिळवले तेव्हा सगळ्या जगाने मान वळवली. तिसरं बिस्मथवालं, त्यात मी पडत नाही. आणि २००९ मध्ये लिऊ आणि रेन यांनी बेरियम टायटनेटमध्येच कॅल्शियम आणि झिर्कोनियम घालून ६२० दाखवलं. पीझेडटीच्या बरोबरीचं, शिशाविना! पण त्याला १४५० अंशांच्या आसपास भाजावं लागतं आणि गुण ९३ अंशांना संपतो.

आमची भट्टी १४०० च्या वर नेता येत नाही. त्यामुळे कॉपर ऑक्साइडसारखं थोडं सिंटरिंग एड (कमी तापमानाला पावडरचे कण एकजीव व्हावेत म्हणूनची भर) घालून तापमान खाली आणायचं, एवढीच वाट आहे. त्याने डी३३ सहसा पडतो.

आता मूळ प्रश्न. आमच्याकडे चालत आलेली पद्धत अशी : बेरियम टायटनेट घ्या, त्यात एखादं नवं मूलद्रव्य शून्य, एक, दोन, तीन टक्के घाला (हेच डोपिंग), एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना), सेम (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून कण), डायइलेक्ट्रिक (विद्युतभार साठवण्याचे गुण) काढा, पेपर पाठवा. पुढच्या वर्षी दुसरं मूलद्रव्य. मला यातून आत्मविश्वास येत नाही. प्रत्येक रचनेच्या एक-दोन पेलेट, म्हणजे पावडर दाबून भाजलेल्या चकत्या, मोजलेल्या असतात. डोपिंगमुळे गुण बदलला की भट्टीच्या कोपऱ्यात पेलेट ठेवल्यामुळे, हे त्या पेपरावरून सांगता येत नाही. म्हणून पुढची दोन-तीन वर्षं एकच रचना घेऊन ती पुन्हा पुन्हा तशीच बनवता येईपर्यंत तिच्यामागे लागावं असं वाटतं. हे शहाणपणाचं आहे का? सिरॅमिक, भट्ट्या, कारखाने, संशोधन, कशातलेही अनुभवी लोक असाल तर लिहा.

अजिंक्यताऱ्याखाली

ताई, मी साताऱ्यात याच क्षेत्रात पीएचडी करतोय, माझं मटेरियल निकेल झिंक फेराइट, म्हणजे चुंबकीय सिरॅमिक. तुमचं म्हणणं मनापासून पटतं, पण तुम्ही तासिका तत्त्वावर आहात हे लक्षात घेऊन बोलतो. २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती काढली, पण निवड समितीपुढे बसल्यावर पेपर मोजलेच जातात. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची अर्ली करिअर ग्रँट आहे, तिला नियमित पद लागतं. म्हणजे पद मिळायला पेपर आणि पैसा मिळायला पद. तुम्ही दोन वर्षं एकाच पेलेटवर बसलात आणि तेवढ्यात जाहिरात निघाली तर? माझे गाइड म्हणतात, आधी पाय रोवा, मग मनासारखं काम करा. मला ते चुकीचं वाटत नाही. माझ्या घरीही हाच प्रश्न रोज विचारला जातो.

नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपचा विचार केलात का? त्याला पद लागत नाही, यजमान संस्थेतले मार्गदर्शक लागतात.

भट्टीवाले काका

मी ओगलेवाडीचा. आमच्या गावाची ओळखच भट्टीमुळे. प्रभाकर कंदिलाची काच इथेच ओतली जायची. माझी नोकरी मात्र दुसरीकडे, विजेच्या इन्सुलेटरच्या कारखान्यात झाली, भट्टीखात्यात. मुली, तुझा संशय अगदी बरोबर आहे.

भट्टीच्या डिस्प्लेवर १३५० दिसतं ते थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकाचं तापमान असतं. पेलेट जिथे आहे तिथे तेवढंच असेल असं अजिबात नाही. दरवाज्याजवळ कमी, हीटिंग रॉडसमोर जास्त, खालच्या थराला वरच्यापेक्षा वेगळं. लहान मफल भट्टीतसुद्धा हा फरक वीस-तीस अंशांचा सहज असतो आणि रॉड जुने झाले की वाढतो. आम्ही कारखान्यात भट्टीत जाणाऱ्या मालाच्या प्रत्येक गाडीवर शंकू ठेवायचो. ठरावीक मिश्रणाचे छोटे त्रिकोणी मनोरे, ठरावीक उष्णता मिळाली की मान टाकतात. हल्ली त्याच कामाच्या सिरॅमिक रिंगाही मिळतात. भाजून झाल्यावर रिंगचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा आणि किती आकसली त्यावरून तक्ता बघायचा. तिथे तापमान आणि वेळ दोन्हींचा एकत्रित हिशेब मिळतो, थर्मोकपल तो देत नाही.

पहिलं काम हे कर : रिकाम्या भट्टीत नऊ जागी रिंगा ठेवून एक फायरिंग घे. कुठली जागा सारखी आहे ते कळेल. मग फक्त त्याच जागी पेलेट ठेवायच्या, बाकीची भट्टी रिकामी राहिली तरी चालेल. डोपिंगचा विचार त्यानंतर.

दुसरं, वीज. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा काय करतेस? थ्री-फेज भट्टी इन्व्हर्टरवर ओढत नाही. कंट्रोलर वीज आल्यावर कार्यक्रम पहिल्यापासून सुरू करतो का, सोडला तिथून पुढे नेतो का, हे आधी तपासून ठेव. अर्धवट सोक झालेली (वरच्या तापमानाला पूर्ण वेळ न राहिलेली) पेलेट पुन्हा भाजून पुरी झाली असं कधी समजू नये. कण वाढायचे ते वाढून बसलेले असतात.

कृष्णाकाठ

काका, रिंगांची गोष्ट मला कुठल्याच पेपरात सापडली नव्हती. आमच्या कंट्रोलरला वीज आल्यावर शून्यापासून सुरुवात करायची सवय आहे. सेटिंगमध्ये पर्याय आहे का ते बघते.

अजिंक्यताऱ्याखाली, तुझा मुद्दा टाळत नाही. पदाचा प्रश्न खरा आहे आणि तो मला रात्री झोपू देत नाही असेही दिवस असतात. पण एक बघ. समजा मी एकाच रचनेच्या वीस पेलेट बनवल्या, प्रत्येकीची घनता, कणांचा आकार, डायइलेक्ट्रिक, डी३३ मोजले आणि पसारा किती आहे, तो कुठून येतो हे लिहिलं. तो पेपर होत नाही असं का धरून चालायचं? शून्य-एक-दोन-तीन टक्क्यांच्या पेपरांच्या ढिगात तो उलट वेगळा दिसेल.

मी कुठपर्यंत नेटाने करते ते सांगते, म्हणजे काकांना अजून चुका काढता येतील. १० ग्रॅम बेरियम टायटनेटसाठी ८.४६२ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ३.४२५ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड. पावडर आधी वाळवून गरम असतानाच डेसिकेटरमध्ये. अगेटच्या खलात अॅसिटोन घालून घोटायचं, मग कॅल्सिनेशन, म्हणजे पावडरच भाजून दोन्हींची अभिक्रिया करवणं. इथे एक तपासणी मी कधी सोडत नाही : क्रुसिबलसकट आधी आणि नंतर वजन. कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन त्या १० ग्रॅमच्या घाण्यात १.८९ ग्रॅमची घट यायलाच हवी. कमी आली तर कार्बोनेट शिल्लक आहे, एक्सआरडीची वाट बघायची गरज नाही. एक्सआरडीसाठी कोल्हापूरला नमुना पाठवून उत्तर येईपर्यंत आठवडे जातात. तराजू इथेच आहे.

मग पीव्हीएचं (पावडर धरून ठेवणाऱ्या बाइंडरचं) थोडं पाणी, चाळणी, डायमध्ये (साच्यात) दाबणं, ५०० ते ६०० अंशांवर सावकाश बाइंडर जाळणं आणि वर सिंटरिंग. थंड झाल्यावर आर्किमिडीज पद्धतीने घनता. बेरियम टायटनेटची सैद्धांतिक घनता ६.०२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. ५.४ आली म्हणजे ९० टक्क्यांच्या आत. अशा पेलेटला पोलिंगचं (पिझो गुण जागा करण्यासाठीचं) व्होल्टेज दिलं की छिद्रांतून ब्रेकडाउन होतो. सिलिकॉन तेलात बुडवून दर मिलिमीटरला २ ते ३ किलोव्होल्ट द्यायचे असतात, त्यामुळे छिद्रं लपत नाहीत. एकदा ठिणगी पडली की पेलेटच्या कडेला काळा केसाएवढा माग राहतो आणि ती पेलेट संपली.

पोलिंगनंतर डी३३ लगेच मोजत नाही, २४ तास थांबते. पहिल्या काही तासांत तो घसरतो. लगेच मोजलेला आकडा मोठा दिसतो आणि काही पेपरांत किती वेळाने मोजला हे लिहिलेलंच नसतं. याचा मला खरंच राग येतो.

शाळामास्तर

वाचतो आहे, फार आवडतंय. आमच्या नववीच्या मुलांना यातलं काही हाताने करता येईल का? भट्टी नाही, पैसे नाहीत.

कृष्णाकाठ

सर, बेरियम कार्बोनेट मुलांच्या हातात देऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे. रोशेल सॉल्ट करा. केकसाठी मिळणारं क्रीम ऑफ टार्टर आणि खायचा सोडा गरम पाण्यात मिसळून गाळून ठेवलं की काही दिवसांत पारदर्शक स्फटिक वाढतात. चांगला मोठा स्फटिक दोन फॉइलमध्ये धरून मल्टिमीटर लावायचा आणि टिचकी मारायची. क्युरी बंधूंनी वापरलेलाच पदार्थ आहे. पावसाळ्यात नको, दमट हवेत स्फटिक खराब होतात.

तंबोऱ्याची तार

मी मिरजेचा, घरात तंतुवाद्यं बनतात. इथे लिहायचं कारण, आम्ही हल्ली सतारीला आणि तंबोऱ्याला पिकअप बसवून देतो, आणि तो पितळी चकतीवरचा पिझो असतो. म्हणजे तुमचं शिसं आमच्या तबलीखाली आहे, हे मला आज कळलं. आमची अडचण वेगळी आहे. एकाच पाकिटातल्या चकत्या सारख्या वाजत नाहीत. एक उघडी, एक दबकी. जोडीच्या तंबोऱ्यांना दोन सारख्या चकत्या शोधायला पाकीट रिकामं करावं लागतं. शिवाय खर्ज नीट येत नाही, जव्हारी ऐकू येते पण खालचा भरदारपणा जातो. हे चकतीमुळे की आणखी कशामुळे?

कृष्णाकाठ

दादा, तुमच्या प्रतिसादाने मला माझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं.

आधी खर्जाचं. पिझो चकती विजेच्या दृष्टीने एक लहान कपॅसिटर असते. १० मिमी व्यास, १ मिमी जाडी आणि डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३००० धरला तर धारिता सुमारे २ नॅनोफॅरड येते. ती १ मेगाओम इनपुटच्या अॅम्प्लिफायरला जोडली तर ७५ हर्ट्झच्या आसपासपासून खालचे सूर पडायला लागतात. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ७० हर्ट्झच्या जवळ असतो, म्हणजे नेमका तिथेच तो कापला जातो. साध्या मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडलं, जिथे इनपुट दहा-वीस किलोओमचं असतं, तर खर्जच काय, मधलेही सूर जातात. चकतीजवळच १० मेगाओम इनपुटचा छोटा एफईटी बफर (चकतीवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारं सर्किट) बसवा. खर्च फार नाही. तुमची चकती कशी आहे त्यानुसार आकडे बदलतील, पण दिशा हीच.

दोन सारख्या चकत्या मिळत नाहीत हे मात्र चकती बनवणाऱ्याचं काम आहे, आणि ते करायला मला आवडेल. शिवाय पिकअप घरच्या तापमानाला चालतो. ९३ अंशांची मर्यादा इंजिनाजवळच्या कामाला जाचते, तंबोऱ्याला नाही. फक्त वाद्य उन्हात बंद गाडीत राहिलं तर काय, हे तपासावं लागेल. मर्यादेच्या बरंच आधी गुण कमी व्हायला लागतो.

पुणेकर कपॅसिटरवाला

मूळचा वाळव्याचा, नोकरी पुण्यात, काम मल्टिलेयर सिरॅमिक कपॅसिटरच्या गुणवत्तेचं. तुमचं बेरियम टायटनेट आमच्याकडे एक मायक्रॉनपेक्षा पातळ थरांत असतं, मध्ये निकेलचे इलेक्ट्रोड, म्हणून ऑक्सिजन अगदी कमी ठेवून भाजतात. एका मोबाइलमध्ये असे शेकड्यांनी, कधी हजारावर कपॅसिटर असतात. आमच्याकडे सगळ्यात मोठा आकडा कुणी विचारत नाही. सगळ्यात लहान आकडा किती आणि तो का आला, हे विचारतात. ज्या उमेदवाराने एकच गोष्ट पन्नास वेळा करून पसारा मांडलाय, त्याला मी मुलाखतीत पहिला बोलावतो. कॉलेजचं पद हा एकच रस्ता आहे असं समजू नका.

एक सुचवणी : पावडरचा एकच लॉट सगळ्या कामाला पुरेल एवढा आधी विकत घ्या. टायटॅनियम डायऑक्साइडची कणांची मापं लॉटगणिक बदलतात आणि मग तुलना कोसळते.

अजिंक्यताऱ्याखाली

मी माझं मत थोडं बदलतो. माझ्या फेराइटच्या पेलेटही मी भट्टीत मिळेल तिथे ठेवत आलो. रिंगा मागवतोय. पण ताई, नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिपचा अर्ज भरा, हे पुन्हा सांगतो. वीस पेलेटचं हे कामच प्रस्ताव म्हणून लिहा. आणि आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत कुठलं उपकरण आहे ते दिसतं, स्लॉट मागता येतो; डी३३ मीटर आणि पी-ई लूपचं (विद्युतक्षेत्राबरोबर ध्रुवण कसं बदलतं ते मोजणारं) उपकरण तिथे शोधा.

कुपवाड एमआयडीसी

आमचं टूलरूम आहे. सिरॅमिकमधलं कळत नाही, डायमधलं कळतं. पेलेट डायमधून बाहेर काढताना वरची टोपी उडते का? किंवा बाजूला आडवी चीर दिसते का?

कृष्णाकाठ

हो, बऱ्याचदा! कधी कधी तर ती भाजल्यावरच दिसते. बाइंडर कमी पडला असं समजून मी पीव्हीए वाढवत होते.

कुपवाड एमआयडीसी

बाइंडर पण असेल. पण आधी डाय बघा. आतून बोट फिरवा, मध्यभागी पोट आलंय का. दाबून दाबून मध्ये झिजतं, मग पेलेट बाहेर येताना अरुंद भागातून ओढली जाते आणि टोपी उडते. पंच आणि बोअरमधली फटही वाढलेली असते, तिथून पावडर वर चढते. एचसीएचसीमध्ये (हाय कार्बन हाय क्रोम पोलादात) बनवू, हार्डन करून, बोअर लॅप करून आरशासारखा. बाहेर पडायच्या बाजूला अगदी बारीक टेपर देऊ म्हणजे पेलेट सुटताना मोकळी होते. मजुरी नको, मटेरियलचे पैसे द्या. मिरजेच्या दादांच्या तंबोऱ्यासाठी होणार असेल तर आमच्याकडून एवढं.

भट्टीवाले काका

टेपर द्याच. आणि दाब एकदम सोडू नकोस, हळूहळू उतरव. अडकलेली हवा टोपी उडवते.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आता ठरलं ते लिहिते.

कॅल्शियम-झिर्कोनियमवालं बेरियम टायटनेट, एकच रचना, कॉपर ऑक्साइडचं एकच प्रमाण. पावडरचा एकच लॉट. आधी रिंगांनी भट्टीचा नकाशा, मग नव्या डायमधून वीस पेलेट. तडकलेल्या आणि ब्रेकडाउन झालेल्यासुद्धा तक्त्यात येतील, आणि मोजणी पोलिंगनंतर २४ तासांनी. त्यातल्या डी३३ आणि धारिता जवळजवळ सारख्या असलेल्या दोन मिरजेला देईन. फेलोशिपचा अर्ज याच कामावर लिहायला घेतलाय. आकडे जसे येतील तसे याच धाग्यात टाकेन, वाईट आले तरी.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कुणाकडे चालू स्थितीतला डी३३ मीटर असेल तर व्यनि करा. पेलेट घेऊन मी येईन.

कुपवाड एमआयडीसी

बोअर किती ठेवू? भाजल्यावर आकसतं म्हणता ना.

कृष्णाकाठ

भाजून १० मिमी हवी आणि व्यास साधारण १५ टक्के आकसतो, म्हणजे ११.८ च्या आसपास. १२ ठेवा, कडा घासून मापात आणते. ड्रॉइंग आज रात्री पाठवते.